सतरा नंबरची घडी

माझ्या प्रबंधातलं सगळ्यात खोटं वाक्य मी माझ्याच हातांनी लिहिलं, आणि ते लिहिल्यावर मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की घरी जाऊन नवऱ्याला ते दोनदा वाचून दाखवलं. वाक्य असं होतं: 'अनुभवी स्त्रियांच्या शेजारी बसून काम करणारी नवी कामगार चार महिन्यांत बिनचूक घडी घालू लागते.' नवरा म्हणाला, छान आहे. दुसऱ्यांदा वाचल्यावर म्हणाला, छानच आहे. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. कळत मलाही नव्हतं, पण निदान त्याने तसा आव आणला नव्हता.

माझा विषय होता हातांचं काम कसं शिकलं जातं, विशेषतः जिथे शिकवणारं कुणी नसतं तिथे. त्यासाठी मी एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत अकरा महिने काम केलं. नुसती खुर्ची टाकून बघत बसले नाही. रीतसर नंबर घेतला, एप्रन बांधला आणि सात बायकांच्या टेबलाला आठवी म्हणून जाऊन बसले. माझे मार्गदर्शक, म्हणजे आमचे सर, सुरुवातीलाच म्हणाले होते की जरा अंतर ठेव, आत शिरलं की दिसेनासं होतं. मी त्यांना ऐकवलं होतं की लांबून बघणाऱ्यांनी आजवर काय दिवे लावलेत ते आपण वाचतोच आहोत. राग माझ्या नाकावर असतो आणि सर सोशिक आहेत, म्हणून तेव्हा भागलं.

लॉन्ड्रीतलं सगळ्यात नाजूक काम म्हणजे ऑपरेशनच्या हिरव्या कापडांच्या घड्या. कापड पंख्यासारख्या चुण्या घालत दुमडायचं आणि दोन कोपरे वर असे ठेवायचे की थिएटरमधल्या सिस्टरने चिमटीत धरून उचललं की ते आपोआप उलगडत पेशंटवर पडावं, मध्ये कशालाही न शिवता. त्या कोपऱ्यांना तिथे कान म्हणतात. कान आत गेला की सिस्टरला कापड झटकावं लागतं, झटकलं की ते कुठेतरी लागतं आणि लागलं की बाद. अशा दहा घड्यांचा एक गठ्ठा, आणि प्रत्येक गठ्ठ्यात घडी घालणारीच्या नंबराची चिठ्ठी. एक जरी घडी चुकली तरी गठ्ठा चिठ्ठीसकट परत येतो आणि भिंतीवरच्या फळ्यावर त्या नंबरापुढे एक रेघ पडते. माझा नंबर सतरा.

पहिल्या महिन्यात माझ्यापुढे एकतीस रेघा होत्या. फळा पुरेना म्हणून सतराची ओळ अठराच्या जागेत घुसली, त्यावरून अठरा नंबरवालीने मला भाडं मागितलं. दुसऱ्या महिन्यात रेघा चौदावर आल्या, तिसऱ्यात पाचवर, आणि चौथ्या महिन्यात एकही नाही. पुढचे सात महिनेसुद्धा एकही नाही. मी त्याचा आलेख काढला. उतरत जाऊन शून्यावर टेकलेली ती रेषा बघून मला जे समाधान वाटलं ते माझ्या लग्नाच्या फोटोंकडे बघूनही वाटलेलं नाही.

लॉन्ड्रीच्या मॅनेजरने मला आत येऊ दिलं होतं, म्हणून आभार मानायला मी त्याला निष्कर्षांची चार पानं आलेखासकट नेऊन दिली. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या हातात कोणी आलेख दिला की त्याला लगेच नियम सुचायचा. तो नियम काय केला हे मला त्यानंतर दोन महिन्यांनी कळलं, प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले असताना. संमतीच्या कागदांवर दोन सह्या राहिल्या होत्या, म्हणून मी लॉन्ड्रीत गेले होते.

गेले तर आमच्या मोठ्या टेबलावरची सगळ्यात नवी बाई तिथे नव्हती. भिंतीला लागून एक वेगळं टेबल मांडलं होतं आणि त्यावर ती एकटी, आमच्याकडे पाठ करून घड्या घालत होती. तिला सगळे डावरी म्हणत, कारण ती डाव्या हाताने काम करायची. मी काम थांबवायच्या सुमारास ती लागली होती. बेचाळीस वर्षांची, आधी पिशव्या शिवायच्या कारखान्यात होती, तो बंद पडला. आणि तिला ही नोकरी का हवी होती हे सगळ्यांना ठाऊक होतं: तिच्या सासूचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस व्हायचं, वरच्या मजल्यावर, कामगाराच्या घरचं माणूस म्हणून फुकट. नोकरी गेली की तेही जाणार.

फळ्यावर तिच्या नंबरापुढे त्या आठवड्याच्या नऊ रेघा होत्या. मॅनेजरचा नियम असा होता: चार महिने मोठ्या टेबलावर, पाचव्या महिन्यापासून वेगळ्या टेबलावर, आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त रेघा पडल्या तर पुढच्या सोमवारी हातात पत्र. चार हा आकडा त्याने माझ्या आलेखावरून घेतला होता. आलेख त्याच्या केबिनमध्ये टाचण्यांनी लावलेला होता, खाली माझं नाव.

मला राग आला, आणि आज सांगायला लाज वाटते पण आधी तो डावरीचाच आला. मी चार महिन्यांत शिकले, मला आयुष्यात सुईत दोरा ओवता आलेला नाही, आणि हिला कसं जमत नाही? मी तावातावाने आत्याकडे गेले. आत्या म्हणजे आमच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई, नंबर तीन. ड्रायर चालवणारा तिचा सख्खा भाचा होता, त्याचं ऐकून अख्खी लॉन्ड्री तिला आत्या म्हणायची. मी म्हटलं, आत्या, मला दोन दिवस डावरीजवळ बसू द्या, मी तिला शिकवते.

आत्याने बाकीच्या बायकांना चहाला पाठवलं. मग एक हिरवं कापड माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाली, घाल. मी घडी घातली. तिने कान धरून उचललं. कापड अर्धं उलगडलं आणि तिथेच अडकलं. ती म्हणाली, पुन्हा. दुसऱ्या वेळी एक कान आतच राहिला. तिसऱ्या वेळी दोन्ही. मी म्हटलं की सवय सुटली आहे, पाच महिने हात लावलेला नाही.

"सवय सुटायला आधी लागावी लागते," आत्या म्हणाली. "तू शिकली नाहीस गं. तुझ्या घड्या आम्ही परत घालायचो."

मी विचारलं, कधी.

"साडेतीनला तू कपाटांच्या खोलीत लिहायला जायचीस ना? तेव्हा."

हे खरं होतं. पाळी चारला सुटायची. सरांनी सांगितलं होतं की पाहिलेलं ताजं असतानाच लिहून काढ, म्हणून मी रोज अर्धा तास आधी उठून जायची आणि त्या दिवशी टेबलावर काय काय घडलं ते बारीक अक्षरात लिहायची. म्हणजे मी निरीक्षण लिहायला उठले की मागे ती एकमेव गोष्ट घडायची जी निरीक्षण करण्यासारखी होती. अकरा महिने, रोज, भिंतीच्या पलीकडे.

माझा तोल गेला. मला वेड्यात काढलंत, माझ्या तीन वर्षांच्या कामाचं वाटोळं केलंत, असं बरंच काही मी बोलले. आत्याने ते सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं की हे माझ्यासाठी म्हणून खास केलेलं नव्हतं. नव्या प्रत्येक बाईचं त्या असंच करतात, सात-आठ महिने. आधी थोड्याच, मग हळूहळू तिच्या सगळ्या घड्या रोज उलगडून बघायच्या, चुकलेल्या नीट घालायच्या आणि दुसऱ्या दिवशी काम करताना तिला दिसेल अशी आपली घडी हळू घालायची. रेघांच्या धास्तीने हात आखडतो, धास्ती गेली की बसतो. हात बसला की थांबायचं. "तुझा बसलाच नाही," ती म्हणाली, "म्हणून थांबता आलं नाही. आणि रेघ पडली की तू जेवायची नाहीस. ते बघवायचं नाही." डावरीचंही त्या करत होत्या. तिचा हात उलटा, तिला जरा जास्त दिवस लागले असते, एवढंच. पण तिचं टेबल वेगळं झालं, आणि आता तिच्या गठ्ठ्यांना हात लावायला गेलं की मॅनेजरला केबिनच्या काचेतून दिसतं.

घरी जाताना माझ्या डोक्यात काय होतं ते प्रामाणिकपणे सांगते. प्रबंध होता. डावरी नंतर आली, घराच्या पायऱ्या चढताना. तिच्या आधी मी प्रबंधाचा विचार केला हे मला पुष्कळ दिवस खात राहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. 'मी सांगितलं होतं' असं ते म्हणाले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची जन्मभराची ऋणी आहे. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला आणि म्हणाले की आकडे चुकतात सगळ्यांचेच, कशामुळे चुकले हे फार थोड्यांना कळतं, आणि तेही त्या कामातल्याच कुणीतरी तोंडावर सांगितल्याशिवाय नाही. मी म्हटलं, मग मी आजच मॅनेजरला जाऊन सांगते की घड्या दुसऱ्याच घालतात. त्यावर सरांनी एकच विचारलं.

"आत्याने तुला हे संशोधक म्हणून सांगितलं की घरची म्हणून?"

मला माहीत नव्हतं. सर म्हणाले, मग विचार.

विचारलं तेव्हा घोडं कुठे अडलंय ते कळलं. ज्या नंबरची चिठ्ठी त्याच नंबरचे हात, असा हॉस्पिटलचा नियम होता, कारण काही बिघडलं तर शोध लागायला हवा. बदललेल्या घड्यांची गोष्ट बाहेर पडली असती तर सातही जणींना लेखी ताकीद मिळाली असती, आणि दोघींना ती आधीच एकेकदा मिळालेली होती. सात जणींपैकी चौघी म्हणाल्या, सांग. तिघी म्हणाल्या, नको. ते काही मतदान नव्हतं. एक जरी नको म्हणाली असती तरी माझं तोंड बंदच राहिलं असतं. सोमवारला चार दिवस होते.

त्यांचं गुपित माझ्या मालकीचं नव्हतं. माझ्या मालकीची एकच गोष्ट होती, ती म्हणजे मला घडी घालता येत नाही. मी तीच घेऊन मॅनेजरकडे गेले.

त्याला सांगितलं की माझा आलेख चुकीचा आहे, काढून टाका. तो हसला. म्हणाला, विनय चांगला असतो, पण आकडे समोर आहेत, आठ महिने एक रेघ नाही. मी म्हटलं, त्या शून्याला माझं कौशल्य कारण नव्हतं. मग काय कारण होतं, असं त्याने साहजिकच विचारलं. मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही, पण मी खोटं बोलत नाही हे दाखवू शकते. मला दहा कापडं द्या आणि थिएटरच्या मोठ्या सिस्टरना बोलवा.

मोठ्या सिस्टर शुक्रवारी दुपारी खाली आल्या. सव्वीस वर्षं थिएटर सांभाळलेली बाई. लॉन्ड्रीतल्या बायका त्यांना वचकून असत, फळ्यावरची प्रत्येक रेघ त्यांच्याच हातून यायची. सगळी यंत्रं बंद होती, सगळे उभे होते, डावरीसुद्धा आपल्या टेबलापाशी वळून उभी होती. मी दहा घड्या घातल्या. चुकवायच्या म्हणून नाही. जीव ओतून घातल्या, कारण मनात कुठेतरी अजून आशा होती की आत्याचं काहीतरी चुकलं असेल.

सिस्टरनी पहिली उचलली, कान आत. दुसरी अर्ध्यावर अडकली. तिसरी टेबलावर भसकन पडली. चौथी नीट उलगडली तेव्हा मॅनेजरच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला, पाचवीने तो घालवला. दहांपैकी आठ चुकल्या. माझे कान तापले होते आणि अठरा नंबरवाली हसू दाबायला तोंडावर पदर धरून उभी होती.

सिस्टरनी विचारलं, कुठला नंबर हा. मी सांगितलं, सतरा.

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "सतरा? अवघड ऑपरेशन असलं की मी सतरा नंबरचा गठ्ठा मागून घ्यायचे. सबंध लॉन्ड्रीत तशी घडी कोणाची नव्हती."

आत्या बंद ड्रायरकडे बघत होती. मी फळ्याकडे बघितलं. नंबर तीनपुढे, म्हणजे आत्यापुढे, दोन रेघा होत्या. असायच्याच, महिन्याला दोन-तीन. ती स्वतःची घडी घालायची तशी सगळे घालतात, आणि माझी घालायची ती जपून. मी त्या बायकांना प्रबंधात 'अभ्यासगट' म्हटलं होतं. आभारांच्या पानावर त्यांना दीड ओळ दिली होती, तीही टंकलेखकाच्या खाली. मला तिथे सगळ्यांसमोर रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. मला वाईट वाटत नव्हतं. इतक्या जणींनी इतके दिवस मला सांभाळलं होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे माझ्याच्याने पेलवत नव्हतं.

सिस्टर हुशार बाई. त्यांनी एकदा आत्याकडे बघितलं, एकदा फळ्याकडे, आणि मॅनेजरला म्हणाल्या की नव्या बाईच्या घड्या यापुढे एखाद्या जुन्या बाईने तपासाव्यात आणि गठ्ठ्यात चिठ्ठ्या दोन ठेवाव्यात, दोघींच्या. किती महिने, असं त्याने विचारलं. सिस्टर म्हणाल्या, हात बसेपर्यंत, आणि तो बसला की नाही हे टेबलावरच्या बायका सांगतील. वेगळ्या टेबलाची आणि सोमवारच्या पत्राची मग गरजच उरली नाही. आलेख मॅनेजरने स्वतः उतरवला. मला परत देताना जरा घुटमळला आणि विचारलं की नवीन काढाल ना एखादा.

प्रबंध एक वर्ष पुढे गेला. सर म्हणाले, बरं झालं, आता लिहिण्यासारखं काहीतरी आहे. बदललेल्या घड्यांबद्दल लिहू का, हे मी पुन्हा सातही जणींना विचारलं. आता घडी तपासणं रीतसरच झालं होतं, तरी एक जण नको म्हणाली. मी तिला त्यातून पूर्ण वगळलं. माझ्या प्रबंधात त्या टेबलाला सहाच बायका आहेत, आणि सातवी कोण हे कोणी कितीही विचारलं तरी मी सांगणार नाही.

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारीच मी कामावर परत गेले, जुनाच नंबर घेऊन. डावरी मोठ्या टेबलावर आली होती, माझ्या शेजारी. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. वेगळं टेबल कुणाच्या आलेखामुळे आलं आणि ते का गेलं, यातलं तिला काहीही ठाऊक नव्हतं. तिला माहीत होतं ते तिने शुक्रवारी डोळ्यांनी पाहिलं तेवढंच: एक शिकलेली बाई, अकरा महिने काम करून, सगळ्यांसमोर दहातल्या आठ घड्या चुकली आणि रडली. मी दिवसभर ठरवत होते की तिला सगळं सांगायचं आणि तिची माफी मागायची. शब्दही जुळवून ठेवले होते.

साडेतीन वाजले. मी जागेवरच बसून राहिले. डावरीने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"ताई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती हळू आवाजात म्हणाली. "मलाही जमत नाही अजून. आणा तुमच्या इकडे, मी बघते."

तिने माझा गठ्ठा ओढला, वरची घडी उलगडली आणि डाव्या हाताने नव्याने घालायला लागली, ओठ दातांत धरून. घालून झाली तेव्हा एक कान आत गेला होता. एवढं मलाही दिसलं. पलीकडून आत्याने हात पुढे केला होता, पण माझ्याकडे पाहून तो मागे घेतला. मी डावरीला म्हटलं की मला तुला काहीतरी सांगायचंय, माझ्यामुळे झालेलं, आणि ऐकून तुला माझा राग येईल. ती म्हणाली, सांगा की, आणि माझी दुसरी घडी उलगडायला घेतली.